ओढ तुटते तो क्षण

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातील एका उत्तरात ‘शर्यतीच्या मोटारीचा गिअरबॉक्स घरगुती मोटारीच्या गिअरबॉक्सपेक्षा पुष्कळदा अधिक रांगडा असतो’ असे एक वाक्य जाता जाता येऊन गेले. त्या एका वाक्यावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून इतकी पत्रे आली, की या महिन्याचे सदर त्याच विषयाला देणे भाग पडले. पत्रे लांबलचक होती. येथे त्यांचा गाभा तेवढा छापला आहे.

*

मी एस.टी.त चालक होतो. सुरुवातीच्या गाड्यांना डबल क्लच मारल्याशिवाय, म्हणजे दोनदा क्लच दाबल्याशिवाय, गिअर पडत नसे आणि खंबाटकी घाटात गिअर चुकला तर गाडी उभी करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. शर्यतीच्या चालकांनाही हे सव्यापसव्य करावे लागत होते काय? आणि ‘रांगडा’ म्हणजे नेमके काय?
— एक निवृत्त चालक, कराड

करावे लागत होते, आणि तेही वळणाच्या तोंडाशी एका पायाने ब्रेक दाबून धरलेला असताना.

आपल्या पायांना जी गोष्ट ठाऊक आहे, तिचे मूळ १८९१ च्या सुमाराच्या फ्रान्समध्ये आहे. पानार-लव्हासोर या कारखान्याच्या एमिल लव्हासोर यांनी इंजिन पुढे, त्याच्यामागे क्लच आणि गिअरबॉक्स, आणि ओढ मागच्या चाकांना अशी मांडणी रूढ केली. वेग बदलण्यासाठी एका शाफ्टवरची दातेरी चाके सरकवून ती दुसऱ्या शाफ्टवरच्या चाकांत नेऊन अडकवायची, ही त्यांची पद्धत होती. फिरते चाक दुसऱ्या फिरत्या चाकात कडेने घुसवायचे, तर दोन्हींच्या दातांचा वेग जुळलेला हवा. तो जुळला नाही तर कोणता आवाज येतो, हे आपल्याला सांगायला नको. ‘रीत दांडगाईची आहे, पण चालते’ अशा अर्थाचे उद्गार लव्हासोर यांच्या नावावर सांगितले जातात. याच दांडगाईच्या जोरावर १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत त्यांनी सुमारे ११७८ किलोमीटरचे अंतर ४८ तास ४८ मिनिटांत तोडले आणि ते सर्वांच्या आधी परतले. त्यांची गाडी दोनच आसनांची असल्यामुळे पहिले बक्षीस मात्र नियमाप्रमाणे वेगळ्याच स्पर्धकाला गेले.

पुढे १८९९ मध्ये लुई रेनो यांनी ‘डायरेक्ट’ गिअरचे पेटंट घेतले. त्यामुळे सर्वांत वरच्या गिअरमध्ये शक्ती दातांमधून वळसा न घेता सरळ शाफ्टमधून मागे जाऊ लागली, पण खालचे गिअर टाकण्याची कटकट होती तशीच राहिली. त्यानंतर कित्येक दशके शर्यतीच्या चालकाचे कौशल्य मुख्यतः या कटकटीशी जमवून घेण्यातच होते. वळण आले की ब्रेक दाबायचा, क्लच दाबून गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला एक झटका द्यायचा आणि पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर ही दोन्ही कामे उजव्या पायाला एकाच वेळी करावी लागत. साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या ज्या गॅरेजात मी उमेदवारी केली, तेथले मिस्त्री ‘गिअर हाताने नाही, कानाने टाकायचा’ असे म्हणत. १९३० च्या दशकातल्या ग्रां प्री चालकालाही याहून वेगळे काही सांगता आले नसते.

आता ‘रांगडा’ या शब्दाविषयी. १९२८ मध्ये कॅडिलॅकने सिंक्रोमेश बाजारात आणले. यात गिअर अडकण्यापूर्वी शंकूच्या आकाराच्या कडीचे घर्षण होऊन दोन्ही बाजूंचा वेग आपोआप जुळतो आणि डबल क्लचची गरज उरत नाही. हीच सोय हळूहळू सर्व घरगुती मोटारींत आली. शर्यतीत मात्र तिचे फारसे स्वागत झाले नाही, कारण घर्षणाने वेग जुळवायला वेळ लागतो आणि घाई केली तर कडी झिजते. शर्यतीने त्याऐवजी डॉगची वाट धरली. डॉग म्हणजे चाकाच्या बाजूवर असलेले मोजकेच जाड खुंट. अशा गिअरबॉक्समध्ये सर्व गिअरची चाके एकमेकांत कायमच अडकलेली असतात आणि त्यांतली काही शाफ्टवर मोकळी फिरत असतात. मधली कडी सरकून तिचे खुंट एखाद्या चाकाच्या खुंटांमधल्या फटींत शिरले, की ते चाक शाफ्टशी बांधले जाते. फटी ऐसपैस असल्यामुळे वेगात थोडा फरक असला तरी खुंट ठणकन आत जातात. खुंटांच्या कडा किंचित आत तिरप्या घासलेल्या असतात, म्हणून ओढ चालू आहे तोवर ते सुटत नाहीत. ॲक्सिलरेटर क्षणभर सोडला की त्यांच्यावरचा जोर जातो आणि ते निसटतात. त्यामुळे वरचा गिअर क्लच न दाबताही पडतो. गंमत अशी, की हा गिअर हळुवारपणे टाकणे हाच अपराध ठरतो, कारण हळू टाकल्यास खुंटांची टोके एकमेकांवर घासून गोलावतात आणि पुढे गिअर सुटू लागतो.

चाकांचे दातही घरगुती गाडीसारखे तिरपे नसून बहुधा सरळ असतात. तिरपे दात आवाज कमी करतात, पण शाफ्टला लांबीच्या दिशेने ढकलतात. सरळ दात किंचाळतात, पण तसे ढकलत नाहीत, आणि शर्यतीत आवाजाची पर्वा कोण करतो? या साऱ्याला एक ठळक अपवाद पोर्शचा आहे. सिंक्रोमेशचा एक वेगळा प्रकार हा त्या कंपनीचा स्वतःचा शोध आणि अभिमानाचा विषय असल्यामुळे तिने तो शर्यतीतही सोडला नाही. १९७० मध्ये ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत पोर्शला पहिला सर्वंकष विजय मिळवून देणाऱ्या ९१७ मध्येही सिंक्रोमेशच होते.

*

जुन्या मोटारींच्या एका प्रदर्शनात मी एका गाडीच्या स्टिअरिंगजवळ चिमुकला दांडा पाहिला आणि तो ‘प्रीसिलेक्टर’ असल्याचे कळले. हा प्रकार काय आहे?
— एक वाचक भगिनी, सांगली

यात गिअर आधी निवडायचा आणि नंतर हवा तेव्हा टाकायचा असतो. वॉल्टर विल्सन हे पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश रणगाड्याच्या रचनाकारांपैकी एक होते. त्यांनी ग्रहमालेप्रमाणे फिरणाऱ्या चाकांचा एक गिअरबॉक्स तयार केला. त्यातील सर्वांत वरचा सोडून प्रत्येक गिअरसाठी एक पट्टा असतो आणि तो आवळला की त्या गिअरची साखळी पूर्ण होते. चालक वळणाच्या बराच आधी दांडा ‘दोन’वर ठेवून देई आणि प्रत्यक्ष वळणाशी पोहोचला की क्लचच्या जागी असलेले पेडल एकदाच दाबे, एक पट्टा सुटता सुटता दुसरा आवळला जाई. हात स्टिअरिंगवरून फारसे हलवावे लागत नसत आणि ओढ जवळजवळ तुटतच नसे. दोष होता तो वजनाचा, आणि पट्ट्यांत वाया जाणाऱ्या शक्तीचा.

१९३३ च्या मिल्ले मिल्या या इटलीतल्या शर्यतीत आपल्या गटात जिंकलेल्या एमजी के३ मध्ये आणि १९३४ पासूनच्या ईआरए गाड्यांत हाच गिअरबॉक्स होता. त्याचा सर्वांत मोठा दिवस मात्र उशिरा, १९५५ मध्ये, सिसिलीतल्या सिराक्यूज येथे उगवला. दंतवैद्यकीचा विद्यार्थी असलेल्या टोनी ब्रूक्स यांनी प्रीसिलेक्टर बसवलेली कॉनॉट गाडी घेऊन मॅसेराटीच्या पथकाला हरवले. ब्रिटिश चालकाने ब्रिटिश गाडीतून युरोप खंडावरची ग्रां प्री जिंकण्याचा प्रसंग त्यापूर्वी शेवटचा १९२४ मध्ये आला होता. ब्रूक्स विमानात परीक्षेचा अभ्यास करत होते, असे सांगतात.

*

मागील पिढीच्या शर्यतींविषयी वाचताना ‘कूपर’ हे नाव सारखे येते. त्यांचा आपल्या साताऱ्याच्या कूपरशी काही संबंध आहे काय?
— एक वाचक, सातारा

काही नाही. साताऱ्याचा कूपर कारखाना धनजीशा कूपर यांनी उभा केला आणि तो नांगर व तेल इंजिने यांसाठी नावाजला. शर्यतीचे कूपर म्हणजे लंडनजवळच्या सर्बिटनचे चार्ल्स आणि जॉन कूपर हे पितापुत्र. नावे सारखी आहेत, इतकेच. पण आपण विचारलेच आहे, तर गिअरबॉक्सच्या इतिहासातला सर्वांत रंगतदार भाग याच कूपरपासून सुरू होतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

कूपरनी इंजिन चालकाच्या पाठीमागे नेले. त्यापूर्वीही ते मागे नेण्याचे प्रयोग झाले होते. १९३० च्या दशकातील ऑटो युनियन गाड्या तशाच होत्या. पण कूपरच्या लहान, हलक्या आणि स्वस्त गाड्यांनी सर्वांनाच आपली मांडणी बदलायला लावली. १९५८ च्या अर्जेंटिना ग्रां प्रीत स्टर्लिंग मॉस यांनी कूपरमधून मिळवलेला विजय हा जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीतला मागे इंजिन असलेल्या गाडीचा पहिला विजय होता. इंजिन मागे गेले म्हणजे गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (दोन चाकांना शक्ती वाटून देणारी यंत्रणा) एकाच पेटीत, इंजिनाच्याही मागे बसवावे लागतात, आणि अशी पेटी त्या काळी बाजारात तयार मिळत नव्हती. मग जुगाड सुरू झाला. पुढच्या चाकांना ओढ देणाऱ्या सिट्रोएनच्या साध्या घरगुती मोटारीतली पेटी कूपरनी उचलली आणि फ्रान्समधल्या एर्सा या कारखान्याने बनवलेली चार गिअरची चाके तिच्यात बसवली. जॅक ब्राबम यांनी या पेटीचे कवच मजबूत करून घेण्यासाठी स्वतः फ्रान्स गाठले होते. १९५९ चे जागतिक अजिंक्यपद त्यांनी या उसन्या गिअरबॉक्सवर जिंकले. त्याच वर्षी मॉस यांच्या कूपरमध्ये मोडेनाच्या व्हालेरिओ कोलोत्ती यांनी खास शर्यतीसाठी रचलेला पाच गिअरचा बॉक्स होता. मोनाकोत आघाडीवर असताना मॉस यांची ट्रान्समिशन निकामी झाली आणि शर्यत ब्राबम यांच्या पदरात पडली. खास बनवलेली वस्तू फसली आणि सुधारून घेतलेली टिकली, हे मला आजही पटकन पचत नाही.

याच सुमारास इंग्लंडमध्ये मेडनहेड येथे माइक ह्यूलंड हे यंत्रकामाचा छोटा कारखाना चालवत होते. त्यांनी फोक्सवॅगन बीटलच्या पेटीचे कवच घेतले. बीटलमध्ये इंजिन गिअरबॉक्सच्या मागे असते, तर शर्यतीच्या गाडीत ते पुढे हवे होते. पेटी नुसती फिरवून उलट्या तोंडाने बसवली असती तर गाडीला एक गिअर पुढे जाण्याचा आणि चार मागे जाण्याचे मिळाले असते. म्हणून ती पालथी करून बसवावी लागली, म्हणजे चाकांच्या फिरण्याची दिशा कायम राहिली. आत मात्र ह्यूलंडनी स्वतःची सरळ दातांची चाके आणि डॉग घातले. त्यांची खरी करामत पुढची होती. गिअरच्या जोड्या त्यांनी पेटीच्या शेपटाकडे ठेवल्या, त्यामुळे मागचे झाकण काढले की गिअरबॉक्स गाडीतून न उतरवता हव्या त्या जोड्या बदलता येत. मोंझासारख्या लांब सरळ रस्त्यांच्या धावपट्टीला एक जोडी, मोनाकोच्या गल्लीबोळांना दुसरी, आणि सरावानंतर मत बदलले तर जेवणाच्या सुटीत तिसरी. १९६७ मध्ये झांडफोर्ट येथे जिम क्लार्क यांनी लोटस या ब्रिटिश पथकाच्या ‘४९’ गाडीतून नव्या कॉसवर्थ डीएफव्ही इंजिनाला पहिल्याच शर्यतीत विजय मिळवून दिला, तेव्हा त्या गाडीत झेडएफ या जर्मन कंपनीचा गिअरबॉक्स होता. त्यातल्या जोड्या बदलणे कठीण होते, आणि पुढच्याच वर्षी लोटसने तो सोडून ह्यूलंड घेतला. १९७० च्या दशकात कॉसवर्थचे इंजिन आणि ह्यूलंडचा गिअरबॉक्स विकत आणून कुणीही ध्येयवेड्याने फॉर्म्युला वनचे पथक उभे करावे, अशी परिस्थिती होती. फेरारी अर्थात आपल्या वाटेने चालली. तिच्या १९७५ च्या ३१२टी मधील ‘टी’ म्हणजे आडवा गिअरबॉक्स. वजन गाडीच्या मध्याकडे आणण्याची ही मावरो फॉर्गिएरी यांची युक्ती निकी लाउडा यांना अजिंक्यपद देऊन गेली.

*

मोटारसायकलचे गिअर पायाने एकापाठोपाठ एक पडतात. शर्यतीच्या मोटारीचेही तसेच असते, असे ऐकले. आम्ही महाविद्यालयात विद्यार्थी स्पर्धेसाठी गाडी बांधत आहोत, म्हणून विचारतो.
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, मिरज

बरोबर ऐकले आहे. आपल्या दुचाकीच्या गिअरबॉक्समध्येही चाके कायम अडकलेलीच असतात आणि डॉगच काम करतात. खोबणी कोरलेला एक गोल ड्रम पायाच्या प्रत्येक दाबासरशी एक घर फिरतो आणि त्या खोबणीतून चालणारे काटे डॉग सरकवतात. पाय दर वेळी मूळ जागी परततो आणि एका दाबात एकच गिअर बदलतो, ही सोय व्हेलोसेटने १९२८ च्या सुमारास शर्यतीच्या मोटारसायकलींवर आणली. तांत्रिकदृष्ट्या पाहिले तर आपल्या दारातली मोटारसायकल आजच्या शर्यतीच्या मोटारीची सख्खी बहीण आहे, मारुती नव्हे.

मोटारींत ही कल्पना लोटसने १९५७ मध्ये आणली, पण तो गिअरबॉक्स इतका लहरी निघाला की पथकातल्या लोकांनी त्याला ‘विचित्रपेटी’ अशा अर्थाचे टोपणनाव दिले. तो सुधारण्याचे काम कीथ डकवर्थ या तरुण अभियंत्याकडे आले. १९५८ मध्ये त्यांनी माइक कॉस्टिन यांच्यासह कॉसवर्थ ही कंपनी स्थापन केली. त्या बिचाऱ्या गिअरबॉक्सने शर्यतीला एवढे तरी दिले.

आपल्या स्पर्धेत इंजिन ७१० सीसीपर्यंतचेच चालते, म्हणून बहुतेक संघ मोटारसायकलचे इंजिन घेतात आणि गिअरबॉक्स त्याच कवचात फुकट मिळतो. माझा सल्ला असा, की तो उघडून सुधारण्याच्या फंदात पडू नये; साखळीच्या मागच्या चक्राचे दात बदलून हवे ते गुणोत्तर साधावे. गिअर सरकवणाऱ्या सळयांच्या जोडणीतला (लिंकेजमधला) ढिलेपणा मात्र काढावा, कारण काटे अर्धवट सरकणे हेच अशा गाड्यांतील बिघाडांचे मोठे कारण असते.

*

स्टिअरिंगमागच्या पाकळ्यांनी गिअर बदलण्याची पद्धत कधी आणि का आली? त्यात चालकाचे कौशल्य संपले असे वाटत नाही काय?
— एक वाचक, विटा

फेरारीने १९७० च्या दशकाच्या अखेरीस स्टिअरिंगवरच्या बटणांनी गिअर बदलण्याची चाचणी घेतली होती, पण जिल व्हिलनव यांना ती रुचली नाही. शर्यतीत ही पद्धत आली ती १९८९ मध्ये, जॉन बार्नर्ड यांनी रचलेल्या फेरारी ६४० मध्ये. त्यांचा हेतू केवळ वेग वाढवणे हा नव्हता. गिअरचा दांडा आणि त्याची सळई चालकाच्या बाजूने मागे न्यायची, तर गाडीची कंबर तेवढी रुंद ठेवावी लागते; दांडाच काढला की गाडी अरुंद होते आणि हवा नीट कापते. उजवी पाकळी ओढली की वरचा गिअर, डावी ओढली की खालचा. डॉग सरकवण्याचे काम तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा करी, इंजिनाचा वेग संगणक जुळवी, आणि क्लचचे पेडल गाडी सुरू करण्यापुरते उरले. दांडा हलवण्याचे कष्ट नसल्यामुळे सात गिअर ठेवता आले, आणि फार वेगाने फिरतानाच जोर देणाऱ्या त्या व्ही१२ इंजिनाला ते हवेच होते.

सरावात ही गाडी धड काही फेऱ्याही पुरी करत नव्हती. तरी रिओच्या पहिल्याच शर्यतीत नायजेल मॅन्सेल तिच्यातून जिंकले! पुढे तिने पुष्कळदा दगा दिला, आणि सगळ्यांनी बोट गिअरबॉक्सकडे दाखवले; प्रत्यक्षात इंजिनाच्या हादऱ्यांनी अल्टरनेटरचा पट्टा निसटत होता आणि विजेवाचून गिअरबॉक्स मुका होत होता.

संक्रमणाचा काळ पाहायचा असेल तर १९९१ ची ब्राझील ग्रां प्री पाहावी. मॅन्सेल यांच्या विल्यम्समधला नवा अर्धस्वयंचलित गिअरबॉक्स बिघडून ते बाद झाले. पुढे असलेल्या आयर्टन सेना यांच्या मॅक्लारेनमध्ये जुना हाताचा गिअरबॉक्स होता; त्याचे गिअर एकामागून एक निकामी होत गेले आणि शेवटच्या फेऱ्या त्यांनी केवळ सहाव्या गिअरवर, पावसाच्या शिडकाव्यात, इंजिन बंद पडू न देता काढल्या. सुमारे तीन सेकंदांनी जिंकल्यावर त्यांना गाडीतून बाहेर काढण्यासाठी इतरांची मदत लागली. नवे आणि जुने, दोन्ही त्या दिवशी मोडले. तरीही जुन्याचे दिवस भरले होते. १९९५ ची फोर्टी ही हाताच्या गिअरची शेवटची फॉर्म्युला वन गाडी ठरली.

कौशल्याविषयी आपण म्हणता ते अर्धे खरे आहे. चुकीचा गिअर टाकून इंजिन फोडण्याची भीती गेली, कारण संगणक तसा गिअर टाकूच देत नाही, आणि त्याबरोबर चालकाला दमवून चूक करायला लावण्याचे प्रतिस्पर्ध्याचे हत्यारही गेले. मला स्वतःला त्याची हळहळ वाटते. पण मोकळ्या झालेल्या डाव्या पायाने ब्रेक मारण्याची जी बारकाई आली, ती जुन्या चालकांना शक्य नव्हती. पूर्ण स्वयंचलित गिअर २००४ पासून बंद केले गेले; गिअर केव्हा बदलायचा हे चालकानेच ठरवायचे, एवढे नियमाने राखले.

*

माझी गिअर नसलेली स्कूटर पसरणी घाट सुखाने चढते. शर्यतीत अशी यंत्रणा का नाही?
— एक वाचक भगिनी, वाई

ती आणून पाहिली होती, आणि तिला नियमाने थांबवले. आपल्या स्कूटरमधला पट्टा दोन कप्प्यांवर चढत-उतरत गुणोत्तर सलग बदलतो. गिअरच नाहीत, म्हणून ओढ कधीच तुटत नाही. डाफ या डच कंपनीने १९६० च्या दशकातच असा पट्टा फॉर्म्युला थ्री गाडीत बसवून शर्यती केल्या. १९९३ मध्ये विल्यम्सने डच वान डोर्न कंपनीच्या धातूच्या पट्ट्यावर आधारलेली यंत्रणा फॉर्म्युला वन गाडीत घातली आणि डेव्हिड कुल्टहार्ड यांनी ती चाचणीत चालवली. गाडी वळणातून बाहेर पडतानाही इंजिन एकाच सुरात ओरडत राही, कारण ते सतत आपल्या सर्वोत्तम वेगावर फिरत ठेवता येत होते. शर्यतीत ती उतरण्याआधीच १९९४ साठी ठरावीक संख्येचे निश्चित गिअर असण्याची अट आली आणि विषय मिटला.

टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे क्लचऐवजी तेलातून शक्ती पोहोचवणाऱ्या यंत्रणेचा, प्रयोग मात्र शर्यतीत यशस्वी झाला होता. टेक्सासचे जिम हॉल यांच्या चॅपरॅल गाड्यांत गिअर हातानेच निवडायचा असे, पण क्लचचे पेडल नव्हते. अशा गाडीने १९६५ मध्ये सेब्रिंगची बारा तासांची शर्यत आणि १९६६ मध्ये न्यूरबर्गरिंगची हजार किलोमीटरची शर्यत जिंकली. हॉल यांनी रिकाम्या डाव्या पायालाही काम दिले: चॅपरॅल २ई मध्ये त्या पायाच्या पेडलने मागचा उंच पंख सपाट करता येई.

*

आजच्या गाड्यांत गिअर बदलताना किती वेळ जातो?
— एक वाचक, तासगाव

ओढीच्या दृष्टीने पाहिले तर जवळजवळ शून्य. पहिल्या पाकळ्यांच्या गिअरबॉक्समध्येही जुना डॉग सुटून नवा अडकेपर्यंत शतांश सेकंदांत मोजण्याइतकी फट राहत असे. २००५ पासूनच्या दोन-तीन वर्षांत अखंड बदलाची पद्धत आली. तीत जुना गिअर सुटण्यापूर्वीच नवा अडकतो आणि नव्याची ओढ सुरू होताच जुना स्वतःहून मोकळा होतो. दोन गिअर एकाच वेळी अडकले तर गिअरबॉक्सच्या ठिकऱ्या उडाव्यात. म्हणून या यंत्रणेत वेळेचे गणित एका सेकंदाच्या सहस्रांशांत बसवावे लागते. २०१४ पासून फॉर्म्युला वनमध्ये आठ गिअर सक्तीचे झाले आणि त्यांची गुणोत्तरे वर्षभरासाठी आधीच जाहीर करावी लागू लागली. त्यामुळे मोनाकोत आठव्या गिअरला फारसे काम उरत नाही, आणि झाकण काढून जोड्या बदलण्याची ह्यूलंडच्या काळातली रात्रपाळीही तेथे संपली.

*

फॉर्म्युला वनच्या गाडीला रिव्हर्स गिअर असतो का? आमच्याकडे यावर पैज लागली आहे.
— तीन मित्र, फलटण

असतो, नियमानेच असावा लागतो आणि तो चालकाला बसल्या जागेवरून टाकता आला पाहिजे. पण त्याची चाके वजन वाचवण्यासाठी जेमतेम जाडीची केलेली असतात आणि मागचे नीट दिसतही नाही, त्यामुळे तोंड फिरलेली गाडी सरळ करण्यापलीकडे तो कुणी वापरत नाही. पैज ‘असतो’ म्हणणाऱ्याने जिंकली.